कर्जाचा कागद आणि छापलेलं पान

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काकांना काही दिवस वाचायला बंदी होती. म्हणून मी रोज संध्याकाळी शुक्रवार पेठेत त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवत असे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी ३१ वर्षं छपाईचे खिळे जुळवले, त्यातली शेवटची काही स्वतःच्या छापखान्यात. मी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. योहान्नेस गुटेनबर्गचं चरित्र त्यांनीच काढून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही १४५५ सालाशी आलो, पुस्तकात योहान फुस्ट हे नाव आलं आणि काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"हाच तो सावकार. आमचे मास्तर सांगायचे, एकानं जन्म घालवून शोध लावला आणि दुसऱ्यानं तो कर्जापोटी उचलून नेला."

"काका, सावकार म्हणण्याआधी आकडे तर ऐका. १४५० मध्ये फुस्टनं ८०० गुल्डन दिले, सहा टक्क्यांनी. तारण काय? त्याच पैशातून जी अवजारं तयार होतील ती. म्हणजे पैसे दिले तेव्हा तारण जन्मालाच आलेलं नव्हतं. दोन वर्षांनी, बायबलचा मोठा ग्रंथ अजून पुरा झालेला नसताना, त्यानं आणखी ८०० घातले आणि धंद्यात भागीदार झाला. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी तो पहिल्याच दिवशी परत केला असता."

"म्हणजे तू त्याच्या बाजूची?"

"मी कागदाच्या बाजूची. फुस्टनं जे धाडस केलं ते करायची माझी हिंमत झाली नसती, एवढंच म्हणते."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग उठून कपाटातून जुनी औषधाची बाटली घेऊन आले. बाटलीत पाच-सहा खिळे होते. छापखाना बंद झाला तेव्हा मागे ठेवलेले. एक माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "याला किती खर्च येतो ते तुला माहीत नाही, म्हणून तू असं बोलतेस. लोक सहज म्हणतात, गुटेनबर्गनं छपाई शोधली. तसं नाही ते. चीनमध्ये बी शेंगनं अकराव्या शतकातच मातीची सुटी अक्षरं भाजून घेतली होती. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या अक्षरांनी बौद्ध ग्रंथ छापला, तो आजही आहे. दाबयंत्र म्हणशील तर ऱ्हाइनच्या काठी द्राक्षांचा रस काढायला होतंच. मग यानं केलं काय? यानं हा खिळा केला. हजारो, आणि सगळे एका उंचीचे."

"उंचीचं एवढं काय?"

"अगं, उंचीच सगळं. एक खिळा केसभर वर राहिला तर कागदाला भोक पाडतो, केसभर खाली राहिला तर उमटतच नाही. जाडी मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. आपला 'र' आणि आपला 'क्ष' एका जाडीत बसतील का? आता यानं काय केलं असं आम्हाला शिकवलं ते सांगतो. पोलादाच्या दांडीवर अक्षर उलटं कोरायचं. ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं, की तिथं अक्षराचा खड्डा पडतो. तो तुकडा साच्याच्या तळाशी बसवायचा. साच्याच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात, म्हणून तोंड रुंद-अरुंद करता येतं. उंची मात्र हलत नाही. वरून पातळ धातू ओतायचा. नुसतं शिसं चालत नाही, ते मऊ. दोन-चारशे कागदांत अक्षराचं नाक झिजतं. कथील घालावं लागतं, अँटिमनी घालावी लागते, नाहीतर थंड होताना धातू आकसतो आणि कडा बुजतात. हे प्रमाण काय पुस्तकात लिहिलेलं होतं? ओतायचं, मोडायचं, वितळवायचं, पुन्हा ओतायचं. तुझ्या फुस्टचे पहिले ८०० तिथं गेले."

खिळा हातात घेऊन मी ऐकत होते. आणखी एक गोष्ट काका म्हणाले, ती मला कुठल्याच चरित्रात अशी वाचायला मिळाली नव्हती. बायबलसाठी गुटेनबर्गनं २९० च्या आसपास वेगवेगळी अक्षररूपं घडवली, हा आकडा मी आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता आणि मला तो फार वाटला होता. लॅटिनची अक्षरं पंचवीसही नाहीत. काकांना मुळीच नवल वाटलं नाही. "लेखनिक लॅटिन लिहिताना अक्षराला अक्षर चिकटवायचे, शब्द तोडून वर रेघ द्यायचे. त्यांची जोडाक्षरंच ती! छापलेलं पान हातच्या पोथीसारखं दिसलं पाहिजे म्हणून यानं ती सगळी ओतली. त्यातून आणखी एक सोय होते. ओळ भरताना रुंद रूप घ्यायचं की अरुंद, हे जुळाऱ्याच्या हातात राहतं, म्हणून उजवी कड सरळ येते. इंग्रजीचा जुळारी त्याच्या केसकडे बघून चक्रावेल. मी नाही चक्रावणार. मी जन्मभर काना, मात्रा, रफार आणि अर्धी अक्षरं शेकडो घरांतून उचललीत."

आपल्याकडचा इतिहास पाहिला तर हे पटतं. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच उतरला. पण फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण नागरी खिळे नव्हते. मराठीचं व्याकरण नागरी खिळ्यांत छापून निघायला १८०५ उजाडलं, तेही दूर बंगालमध्ये, मिशनरी केरींच्या श्रीरामपुरात. यंत्र आलं, कागद आला, तरी खिळे नसतील तर भाषा अडीचशे वर्षं दारात उभी राहते. काकांचा खिळ्यावरचा जोर मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट समजला.

"आणि शाई," ते थांबायला तयार नव्हते. "लेखनिकाची शाई पाण्यातली. धातूवर टाक, थेंब होऊन ओघळते. यानं जवसाच्या तेलात शिजवलेली शाई केली, चित्रकारांच्या रंगासारखी. साडेपाचशे वर्षं झाली, अजून काळी कुळकुळीत आहे."

इथं मी त्यांना अडवलं. साच्याची आणि तांब्याच्या खड्ड्याची जी पद्धत ते गुटेनबर्गच्या नावावर सांगत होते, तिच्याबद्दल अलीकडे शंका निघाली आहे. २००१ मध्ये प्रिन्स्टनमध्ये पॉल नीडहॅम आणि ब्लेझ अग्वेरा इ आर्कास या दोघांनी त्याच्या आरंभीच्या छपाईतली अक्षरं संगणकावर मोठी करून एकमेकांवर ठेवून पाहिली. एकाच साच्यातून आलेला एकच 'आय' दरवेळी तंतोतंत सारखा पडायला हवा. तसा तो पडत नव्हता. त्यावरून त्यांनी म्हटलं की गुटेनबर्ग कदाचित वाळूत किंवा तशाच तात्पुरत्या साच्यात ओतत असेल. पुढे जी पक्की रीत झाली ती त्याच्यानंतर बसली असेल.

मला वाटलं काका चिडतील. ते उलट पुढे सरकून बसले. "वाळूत? प्रत्येक वेळी साचा मोडायचा आणि नवा करायचा? आणि तसल्या खिळ्यांनी १,२८० च्या वर पानं सरळ ओळीत बसवली? मग तर कानाला हात लावला पाहिजे."

शोधाचं श्रेय कमी झालं म्हणून काकांना काही वाटलं नाही, कष्ट वाढले म्हणून आदर वाढला. माझं मन असं चालत नाही. मला आधी विचारावंसं वाटतं, की हे सगळं चालू असताना मजुरी कोण देत होतं.

गुटेनबर्ग साधाभोळा कारागीर होता आणि पैशाच्या व्यवहारात फसला, हे चित्र मला मान्य नाही. जर्मनीतल्या माइन्झच्या उमराव घराण्यात तो जन्मला, १४०० च्या आगेमागे. गावातल्या उमरावांची आणि कारागीर-संघांची भांडणं त्याच्या लहानपणापासूनची. पुढे तो स्ट्रासबर्गला राहत होता. माइन्झ नगराकडून त्याला दरसाल मिळायची ती रक्कम थकली होती. १४३४ मध्ये माइन्झचा नगरलेखक स्ट्रासबर्गला आला, तर यानं त्याला थकबाकीपोटी अटक करवली.

"ऐका काका, तुमचा गुटेनबर्गही वसुलीला कच्चा नव्हता."

"पुढचं वाच. सोडलं ना त्याला?"

सोडलं होतं, स्ट्रासबर्गच्या नगरसभेच्या शब्दाखातर. ते मी मान्य केलं.

त्या शहरात त्यानं जे उद्योग केले त्यांत मला तरी मुरलेला व्यावसायिकच दिसतो. आखेनला दर सात वर्षांनी पवित्र अवशेषांची मोठी यात्रा भरे. गर्दीत अवशेषांना हात लावता येत नसे, म्हणून लोक धातूच्या चौकटीतले छोटे आरसे घेऊन उभे राहत. अवशेषांचं तेज आरशात धरून घरी नेता येतं अशी त्यांची श्रद्धा होती. गुटेनबर्गनं तीन भागीदार जमवून असे आरसे हजारोंनी करायला घेतले. मग कळलं की यात्रा १४३९ मध्ये नाही, १४४० मध्ये आहे. पैसा वर्षभर अडकला. तेव्हा भागीदारांनी आग्रह धरला की तू जे आणखी काही गुपचूप करतोस तेही आम्हाला शिकव, आणि त्यासाठी आणखी पैसे घातले. १४३८ च्या नाताळात त्यातला आंद्रेआस ड्रिट्झेन मेला. त्याचे भाऊ कोर्टात गेले, की आम्हाला भागीदार करून घ्या. त्या खटल्यातल्या साक्षी शिल्लक होत्या म्हणून आपल्याला कळतं: कोनराड साझपाख नावाच्या सुतारानं दाबयंत्र केलं होतं. हान्स ड्युने हा सोनार सांगतो की केवळ छापण्याशी संबंधित कामाचे त्याला गुटेनबर्गकडून १०० गुल्डन मिळाले. आणि ड्रिट्झेन मेल्यावर गुटेनबर्गनं आपला नोकर त्याच्या घरी पाठवला: यंत्रातले चार तुकडे दोन स्क्रू काढून सुटे कर, म्हणजे बघणाऱ्याला काही कळणार नाही.

"बघ, केवढी भीती," काका म्हणाले.

"भीती कसली, व्यवहार. करारातच लिहिलं होतं की कुणी मेला तर वारसांना ठरलेली रक्कम, भागीदारी नाही. खटला तो जिंकला. १५ गुल्डन देऊन मोकळा झाला. कागद करायला त्याला येत होतं, काका. म्हणूनच फुस्टचा कागद त्यानं न वाचता केला असेल, हे मला पटत नाही."

"कागद वाचला असेल गं. माणूस वाचला नसेल." काकांचा आवाज चढला. "मला तारखा सांग. बायबल कधी झालं?"

तारखांचा हा मुद्दा त्यांचाच होता, आणि तो खरोखर जड आहे. पुढे पोप झालेल्या एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनीनं मार्च १४५५ मध्ये एका कार्डिनलला लिहिलं, की फ्रँकफुर्टला त्यानं या बायबलच्या वह्या पाहिल्या, अक्षर इतकं स्वच्छ की चष्म्याशिवाय वाचावं. प्रती कुणी १५८ म्हणतं, कुणी १८०. पण पुऱ्या होण्याआधीच सगळ्यांना गिऱ्हाईक लागलं होतं. आणि त्याच वर्षीचा फुस्टचा दावा.

"म्हणजे पीक कापणीला आलं होतं," काका म्हणाले. "अजून चार-सहा महिने थांबला असता तर पै न् पै मिळाली असती. थांबला नाही, कारण त्याला पैसे नको होते, शेत हवं होतं."

"किंवा त्याच्या डोक्यावरही कुणाचं तरी व्याज चढत होतं. फुस्टचं म्हणणंच ते होतं. पैसे माझे नाहीत, मी दुसऱ्याकडून व्याजानं उचललेत. गिऱ्हाईक ठरणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? छापखान्याची किती बिलं बुडाली तुमची?"

त्यांनी उत्तर दिलं नाही.

दाव्याचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले होते. पहिले ८००, त्यावर व्याज २५०. दुसरे ८००, त्यावर १४०. व्याजावर व्याज ३६. एकूण २,०२६ गुल्डन. गुटेनबर्गचं उत्तर असं, की पहिली रक्कम वेळेवर पुरी मिळालीच नाही, व्याज घेणार नाही असं फुस्ट तोंडी म्हणाला होता, आणि दुसरे ८०० तर ग्रंथाच्या सामाईक कामासाठी होते, कर्ज नव्हेच. मला विचाराल तर दुसरा मुद्दा कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. तिसरा मात्र पक्का आहे. भागीदार म्हणून आत यायचं आणि वसुलीला धनको म्हणून उभं राहायचं, हे मी नोकरीत पाहिलं असतं तर फायलीवर शेरा मारला असता. एवढ्यापुरती मी काकांच्या बाजूला गेले, आणि तसं त्यांना सांगितलंही.

६ नोव्हेंबर १४५५. माइन्झच्या फ्रान्सिस्कन मठाची भोजनशाळा, दुपारी अकरा-बाराची वेळ. फुस्ट शपथ घ्यायला आला की पैसे आपण व्याजानं उचलले होते. नोटरी उलरिख हेल्मास्पर्गरनं ते लिहून घेतलं. गुटेनबर्ग आला नाही. त्यानं आपली तीन माणसं पाठवली. फुस्टच्या बाजूच्या साक्षीदारांत पेटर श्योफर होता. पॅरिसला लेखनिकी केलेला, सुंदर अक्षराचा, आणि गुटेनबर्गच्याच कारखान्यात तयार झाला असं मानला जाणारा. पुढे तो फुस्टचा जावई झाला.

"तो गेला नाही, ते बरोबरच केलं," काका म्हणाले. "मीही गेलो नव्हतो."

मी पुस्तक मिटलं. १९८९ मध्ये काकांनी नवं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांचे दोन नवे संच कर्जावर घेतले. दोन-तीन वर्षांतच गल्लीतल्या गिऱ्हाइकांनी संगणकावर जुळवलेला मजकूर मागायला सुरुवात केली. हप्ते थकले. मशीन न्यायला माणसं आली त्या दिवशी काका सकाळीच पर्वतीवर जाऊन बसले. दार काकूनं उघडलं. ती बँक माझी नव्हती. पण मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि घरात सगळ्यांसमोर म्हणाले होते, की नियमाप्रमाणेच झालंय. पस्तीसएक वर्षं ते वाक्य आमच्या दोघांत पडून होतं. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "काका, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "नियमाप्रमाणेच झालं होतं. वाच पुढं."

गुटेनबर्गचं पुढचं आयुष्य कागदांत फार थोडं उरलंय. १४४२ मध्ये स्ट्रासबर्गच्या सेंट थॉमस मठाकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज त्यानं पंधरा वर्षं भरलं, मग थांबलं. १४५७ च्या ऑगस्टमध्ये फुस्ट आणि श्योफरनं स्तोत्रसंहिता छापली, रंगीत आद्याक्षरांची, आणि शेवटी तारीख व स्वतःची नावं घातली. युरोपात छापील पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव येण्याची ती पहिली वेळ. त्या कामाची तयारी गुटेनबर्गच्या हाताखाली सुरू झाली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. १४६२ च्या ऑक्टोबरात आर्चबिशपपदाच्या भांडणात माइन्झ लुटलं गेलं, कारागीर पांगले आणि त्यांच्याबरोबर ही विद्या गावोगावी गेली. १४६५ मध्ये नव्या आर्चबिशपनं म्हाताऱ्याला दरबारी करून घेतलं: वर्षाला एक पोशाख, धान्य आणि दोन मोठी पिंपं वाइन. ३ फेब्रुवारी १४६८ ला तो गेला. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पुरला. ते चर्च पुढे पाडलं गेलं, थडगं सापडत नाही. मेल्यावर त्याच्याकडचं छपाईचं सामान डॉ. कोनराड हुमेरीनं ताब्यात घेतलं, कारण तेही गुटेनबर्गच्या मालकीचं नव्हतं. हुमेरीच्या पैशाचं होतं.

"नाव कुठंच नाही?" काकांनी विचारलं.

"बायबलवर नाही. त्याचं नाव घातलेलं एकही पुस्तक नाही. श्योफरच्या मुलानं १५०५ मध्ये एका ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत लिहिलं, की ही कला गुटेनबर्गनं शोधली. चार-पाच वर्षांत तोच आपल्या आजोबांचं, फुस्टचं नाव सांगायला लागला."

"मग आपल्याला कळलं कसं?"

"खटल्यांमुळे. ड्रिट्झेनच्या भावांमुळे, सेंट थॉमसच्या हिशेबवह्यांमुळे आणि सगळ्यांत जास्त फुस्टमुळे. हेल्मास्पर्गरचा तो कागद नसता तर हे बायबल कुणाच्या हातचं ते नक्की सांगता आलं नसतं. ज्याच्या खिळ्यांनी जगाचे शब्द टिकवले त्याचा स्वतःचा एक शब्दही नाही. आहे ते धनकोंनी लिहून घेतलेलं. काका, तुम्ही फुस्टला शिव्या द्या, पण गुटेनबर्गला त्यानंच आपल्यापर्यंत आणलं."

"नाही," काका म्हणाले. "त्याला त्याच्या पानानं आणलं. तुझ्या कागदावरून फार तर नाव कळतं. तो कोण होता ते पानावरून कळतं."

मग मी त्यांना सांगितलं, की त्या दोन्ही गोष्टी आज एकाच छताखाली आहेत. जर्मनीत गॉटिंगेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात फुस्टच्या शपथेचं ते चर्मपत्र आहे, आणि त्याच ग्रंथालयात चामड्यावर छापलेली बायबलची एक पूर्ण प्रतही आहे. जगात उरलेल्या एकोणपन्नासच्या आसपास प्रतींमधली एक. दोन्हींची चित्रं घरबसल्या पाहता येतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या आठवड्यात मी टॅब्लेट घेऊन गेले. आधी चर्मपत्र दाखवलं. दाट हस्ताक्षर. काकांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. मग बायबल उघडलं. ते स्क्रीनवर इतके वाकले की मला भीती वाटली. बोटानं चित्र मोठं करत उजव्या कडेला गेले. "बघ, शब्द तोडल्याची खूण ओळीच्या बाहेर ठेवलीय, म्हणजे कड डोळ्याला सरळ दिसेल. आमच्या मास्तरांना हे बघायला मिळायला हवं होतं." मग पहिल्या पानाच्या ओळी बोटानं मोजल्या. "चाळीस. तू तर याला बेचाळीस ओळींचं बायबल म्हणतेस."

"पुढं वाढतात. सुरुवातीची पानं चाळीस ओळींची आहेत."

दहावं पान लावलं. त्यांनी पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. मग त्यापुढचं. बेचाळीस. रकान्याची उंची तेवढीच होती. ते मागं टेकून बसले. "खिळा वरून-खालून घासलाय यानं. अक्षर तेच, अंग बारीक केलं. एका पानात दोन ओळी म्हणजे शेवटाला किती पानं वाचली असतील?" मग माझ्याकडे वळले. "इथं कागदाचं बिल आलं असणार त्याच्यासमोर. तुझा फुस्ट उभा असेल बाजूला." आणि परत पहिल्या पानावर जाऊन, बोट ओळीखाली ठेवून, ते पुन्हा मोजायला लागले.